लाल टोकाची काठी

अठरा फेब्रुवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. भरावावर नऊ डंपर रांगेत उभे होते आणि पहिल्याचा हौदा सुरक्षा पर्यवेक्षकांनी शिट्टी फुंकून अर्ध्यावरच थांबवला होता. वर अकरा हजार व्होल्टची तार होती.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात आठवड्यांनी ते कामावर आले होते. कामगार त्यांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत.

“दाजी, आल्या आल्या सुरू झालात?” चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढले. तो त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ. “ताईने घरातून हाकललं वाटतं!”

“हौदा खाली घे. तार फार जवळ दिसते आहे.”

“मग चष्मा बदला. तुमची काठी बघा की! हौदा तिच्या वर जातच नाही.”

तारेच्या पंधरा पावले अलीकडे काठी ताठ उभी होती. साडेसहा मीटरचा बांबू, टोक लाल. पूर्ण उचललेला हौदा लाल टोकाच्या आत राहिला, की तारेपर्यंत तीन मीटर मोकळे राहत. हे माप पर्यवेक्षकांनीच काढले होते. ते आता चिडून पुन्हा वर पाहू लागले. हौदा खाली आला. मागचे भोंगे एकसुरात ओरडू लागले.

मुकादम धावत आला. “साहेब, तुमच्या माघारी एक दिवस नियम मोडला नाही. आणि बोलणी आम्हालाच?”

“काठी हलवली कोणी?”

“मीच. भराव चढला की उपटायची, वर आणून रोवायची. एक जरी थर चुकला असेल तर कान धरा माझे.”

पर्यवेक्षकांनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे, जमीन चढली, काठी चढली. तार कोणी चढवली? कोणत्या शहाण्याने सांगितलं हे तुला?”

मुकादमाने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला आणि पुढे केला.

‘कलम तीन : काठी नेहमी डंपरच्या चाकांच्या पातळीवरच रोवावी.’

मागे कोणीतरी ती ढिगाऱ्यावर रोवून फसवणूक केली होती, म्हणून हे कलम मुद्दाम घातलेले होते. अक्षर पर्यवेक्षकांचे होते. खाली सहीही त्यांचीच होती.

कालपर्यंत माती तारेपासून दूर, कडेला पडत होती आणि तिथून पसरवली जात होती. तारेखालची ही पहिलीच खेप.

चालक खाली उतरला. त्याने कागद वाचला, मग वर पाहिले. “दाजी,” तो हळूच म्हणाला, “ताईला नका सांगू.”

पर्यवेक्षकांनी जमिनीवरूनच तारेची उंची मोजणारे यंत्र लावले. तार सहा मीटर दहा सेंटिमीटरवर होती. पूर्ण उचललेला हौदा सहा मीटर तीस. वहीत त्यांनी स्वच्छ अक्षरात नोंद केली :

मोकळे अंतर, उणे वीस सेंटिमीटर.