चवीची जुळणी

टेबलावर आंब्याच्या रसाच्या सात वाट्या आणि मधेमधे जीभ साफ करायला कोमट पाणी, मूठभर कुरमुरे होते. स्क्रीनवर हनोईची लान त्याच रसाच्या सात वाट्यांसमोर बसली होती. तिने दिलेले गुण माझ्या शेजारी बसून चव घेणाऱ्या कुंदाताईंच्या गुणांशी पंच्याण्णव टक्के जुळले, तर चव तपासायचं काम तिकडे जाणार आणि आम्हा दोघींची नोकरी संपणार होती.

पाचव्या वाटीचा आंबटपणा लानला कळेना.

मी माइक बंद केला. "ताई, काही सांगू नका. आपल्याच पोटावर कशाला पाय?"

"अगं, जीभ बधिरलीय पोरीची. असं नुसतं बघत कसं बसायचं?" ताईंनी माइक सुरू केला आणि तिला नुसता भात चघळायला सांगितलं.

लानने भात चघळला, पाचवी वाटी पुन्हा चाखली.

जुळणी सत्त्याण्णव टक्के झाली.