चाळीस बरण्या होईपर्यंत

"काकू, या माइकवर फक्त कामाच्या सूचना द्यायच्या असतात," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

"सूचनाच देतेय," आई म्हणाली. "बटण तुम्ही दाबून धरा. माझा अंगठा दुखतो."

साहेबांनी बटण दाबून धरलं.

काचेपलीकडे तिची मुलगी गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर बसली होती. टोपी, मास्क, हातमोजे. डोळे तेवढे ओळखीचे. समोर चाळीस बरण्या, पंधराएक झालेल्या. टोमॅटोच्या रोपाचा नखाएवढा तुकडा कापायचा, चिमट्याने बरणीतल्या जेलीत उभा करायचा, झाकण लावायचं. बोलायचं मात्र नाही. उघड्या बरणीवर नुसतं 'हो' म्हटलं तरी चौथ्या दिवशी आत बुरशी धरते. 'नाही' म्हटलं तरी चौथ्याच दिवशी. बुरशीला मतांशी काही देणंघेणं नसतं.

हा नियम मुलीनेच एकदा जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितला होता. आईने तेव्हाच विचारून घेतलं, चाळीस बरण्यांना किती वेळ लागतो. पाऊण तास.

"चिमे, ऐकू येतंय ना? मान हलवू नकोस. हे मी घरी चार वेळा सांगायला घेतलं. चारही वेळा तू 'आई, आधी माझं ऐक' म्हणालीस, आणि मी ऐकलं." आईने पर्समधून कागद काढला, चष्मा लावला. "मुद्दा एक. एक तारखेपासून मी वेगळी राहणार आहे. खोली बघितली, करारावर सही झाली."

चिमटा हवेत थांबला.

"बरणी उघडी आहे," आई म्हणाली. "आधी झाकण लाव."

झाकण लागलं.

"मुद्दा दोन. भांडण कुणाशीच नाही. जावई देवमाणूस आहे. पण हा देवमाणूस रोज सकाळी माझ्या पलंगावर बसून मोजे घालतो. नातू तिथेच गृहपाठ करतो. रात्री पाण्याला उठणारा प्रत्येक जण जाता जाता माझी चौकशी करतो. सात वर्षांत त्या हॉलमध्ये माझी चौकशी भरपूर झाली, चिमे. झोप नाही झाली."

साहेब छताकडे बघू लागले. आतल्या तिन्ही टेबलांवर आवाज पोचत होता. उजवीकडच्या बाईने सुरी खाली ठेवली. डावीकडची भराभर आपल्या बरण्यांना झाकणं लावू लागली.

"मुद्दा तीन. टोमॅटोच्या एवढ्याशा तुकड्याला तू वेगळी बरणी देतेस, झाकण देतेस, वर नाव लिहितेस. महिनाभर त्याला कुणी हात लावत नाही. मी काय टोमॅटोपेक्षा वाईट?"

"एका बरणीत दोन लावले तर दोन्ही खुरटतात," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"हे त्यांचं मत आहे," आई माइकमध्ये म्हणाली. "मी शिकवलेलं नाही. मुद्दा चार, शेवटचा. मी रुसून चाललेले नाही. दर रविवारी जेवायला येईन. आणि जेवून माझ्या घरी जाईन."

तिने कागदाची घडी केली आणि स्टुलावर बसली.

आत एकोणीस बरण्या उरल्या होत्या. मुलीने घाई केली नाही. एक तुकडा तिरका बसला, तो काढून तिने पुन्हा सरळ लावला. साहेबांनी बटणावरचा अंगठा बदलला. संपलं का, असं विचारायला त्यांना संकोच वाटत होता.

चाळिसावं झाकण लागलं. आता आत एकही बरणी उघडी नव्हती. मुलीने हातमोजे काढले, काचेजवळ आली आणि तिच्या बाजूचं बटण दाबलं. साहेबांनी आपलंही दाबूनच ठेवलं.

"किल्ल्या किती दिल्यात?"

"दोन."

"मग एक माझ्याकडे..."

"दोन्ही माझ्याकडे राहतील."

मुलीचा हात बटणावरून खाली आला, साहेबांनीही आपलं सोडलं. तिने मास्क हनुवटीवर ओढला आणि बोलायला सुरुवात केली. खूप बोलली. बोटांवर मोजून बोलली, डोळे पुसून बोलली, मागच्या दोघींना साक्षीला घेऊन बोलली. काचेवर तिच्या तोंडासमोर वाफेचा गोल धरला. बाहेर एक अक्षर येत नव्हतं.

"काकू, तिचं बटण सुटलंय," साहेब कुजबुजले. "खूण करू का?"

आई काचेकडे बघत मान डोलवत होती, जिथे डोलवायची बरोबर तिथे.

"राहू दे, साहेब," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच तिचं सगळं पटतंय."