अकरा तक्रारी

"काका, पाणी सोडा," आसावरी आतून ओरडली आणि तिने गाडीचं दार लावून घेतलं.

श्रीधररावांनी बागेतला पाइप टपावर धरला. सकाळी साडेदहाला बंद गाडीला आंघोळ घालणारा हा सत्तरीचा माणूस पाहून कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही हात थांबवून बघत राहिला. गाडी उघडून दिल्यावर किल्ली परत आत ठेवून सुनंदाबाई पायरीवर पदर खोचून उभ्या होत्या. नवऱ्याला पाइप तरी नीट धरता येतोय ना, एवढंच त्या बघत होत्या.

आसावरी मागच्या सीटपुढे अंग चोरून बसली होती, हातात बॅटरी. दोन वर्षांपूर्वी ही गाडी बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात तयार झाली, तिथेच ती इंजिनिअर होती. कंपनीचं नाव आता इतकं खराब झालं होतं, की शोरूममधली माणसंसुद्धा आपल्या नातेवाइकांना दुसरीच गाडी घ्यायला सांगत. नवे साहेब गिरीराज यांनी आल्या आल्या जुन्या तक्रारींच्या फायली इंजिनिअरांना वाटून दिल्या. म्हणाले, "घरी जा. शिव्या खा. गाडी बघा."

श्रीधररावांची फाइल सगळ्यांत जाड होती. दोन वर्षांत अकरा तक्रारी, सगळ्या एकच : पाऊस आला की गाडीत पाणी येतं. सर्व्हिस सेंटरचं उत्तरही अकरा वेळा एकच : मालकांनी छताची काच उघडी ठेवली.

पाच मिनिटं गेली. काही नाही. सातव्या मिनिटाला दाराशेजारच्या अस्तराआडून एक थेंब आला. मग दुसरा. मग बारीक धार थेट आसावरीच्या गुडघ्यावर. तिने अस्तर ओढून काढलं आणि बॅटरी मारली. छताच्या काचेभोवतीचं पाणी खाली वाहून नेणारी रबरी नळी आत नुसतीच लोंबत होती. ती खाचेत दाबून बसवली, की कामगार तिच्यावर पिवळा ठिपका देतो. हिच्यावर ठिपका नव्हता.

ती ओल्या सलवारीनिशी बाहेर आली. "बंद करा पाणी, काका. सापडलं."

दोघांना तिने वाकून वाकून ती नळी दाखवली. "ही कारखान्यातच बसवायची राहिलीय. काच घट्ट लावली तरी पाणी आत येणारच. तुम्ही काच उघडी ठेवलीच नव्हती."

आता आरडाओरडा होणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. याआधीच्या सहाही घरांत झाला होता.

श्रीधररावांनी वाकून ती नळी बोटाने हलवून पाहिली. सुनंदाबाई पायरीवर जाऊन बसल्या.

"दोन वर्षं मी ह्यांना म्हणत आले, तुम्ही विसरताय," त्या म्हणाल्या. "आमच्या लेकीनं, वीणानं, डॉक्टरकडे नेलं. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. सगळं बरोबर केलं हो ह्यांनी. तरी मी घरी आल्यावर किल्ली काढून घेतली."

"तुझं काय चुकलं?" श्रीधरराव म्हणाले. "अकरा वेळा ऐकल्यावर मलाच आठवायला लागलं होतं की. काच उघडी टाकून मी दुकानात शिरतोय, असं डोळ्यांपुढे दिसायचं."

आसावरीने खाली बसून नळी खाचेत दाबली, दोनदा ओढून पाहिली, आणि पुन्हा पाणी सोडायला सांगितलं. या खेपेला वीस मिनिटं. आत थेंब नाही.

"अम्मा," श्रीधररावांनी हळूच आसावरीला विचारलं, "हे लिहून देशील काय?"

ऑफिसची ताकीद होती, तोंडाने काहीही बोला, कागदावर चूक कबूल करायची नाही.

"कशासाठी, काका?"

"भरपाई-बिरपाई नको मला. मुलीला दाखवायचंय."

आसावरीने गाडीच्या बॉनेटवर वही ठेवली. 'दोष कारखान्याचा आहे. मालकांनी छताची काच उघडी ठेवलेली नव्हती.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. श्रीधररावांनी कागद दोनदा वाचला आणि बायकोच्या हातात दिला.

फाटकाबाहेर जाऊन तिने साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, लिहून दिल्याचंही.

"अशा किती गाड्या असतील?" गिरीराजांनी विचारलं.

"त्या महिन्यात बनलेल्या सगळ्या बघाव्या लागतील, सर. दोन हजार तरी."

"त्या सगळ्यांना त्यांच्याच घरी अकरा-अकरा वेळा खोटं पाडलं असणार आपण." मग ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंत त्याचा फोटो पाठवा. तेच सगळ्यांना पाठवू. खाली सही माझी."

ती आत आली, तेव्हा सुनंदाबाई स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांमागे हात घालून चाचपडत होत्या. किल्ली घेऊन बाहेर आल्या, नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि चपला घालून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चला, तळ्यापर्यंत. स्वल्प फिरून येऊ."

"सीट ओली आहे की."

"असू दे."

श्रीधररावांनी गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर काढताना दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, रस्त्याला लागले आणि छताच्या बटणाकडे गेलेला हात तसाच थांबवला.

"उघडू काय गं?"

"उघडा की," सुनंदाबाई समोर बघत म्हणाल्या. "बंद करायचं तुमचं तुम्ही बघा."