काड्यांचा ढीग

"बिळाच्या तोंडाशी कुरतडलेल्या काड्यांचा ढीग दिसतो ना? मग तो वाळूउंदीर," यूनुस म्हणाला. "पाला खाणारा, गरीब. त्याला हात लावायचा नाही."

"आणि ढीग नसेल तर, उस्ताद?" नबीलाने विचारलं.

"तर गटारउंदीर. बांध पोखरतो. तिथे विष टाकायचं."

तिने मान डोलावली. यूनुसने तिला आपल्याला ठाऊक होतं त्याच्या बरोबर उलटं सांगितलं होतं.

जुबैलच्या कारखान्यांचं पाणी वाहून नेणाऱ्या या कालव्यावर तो कित्येक वर्षं उंदीर ओळखत होता. पाऊल वाजलं की काठच्या बोरूच्या गवताच्या दाटीत जनावर गडप. उरायच्या त्या खुणा. आता ही नोकरी सरकारी नियमाने सौदी माणसाला द्यायची होती, म्हणून नबीला शिकायला आली होती. ती परीक्षेत पास झाली की यूनुसचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास. नापास झाली, तर कंपनी त्यालाच ठेवणार होती.

"पोरगी शिकते का?" घरी सुरमई वाढताना मैमुनाने विचारलं.

"मी शिकवतो तेवढं शिकते."

"म्हणजे काहीच नाही."

"नवऱ्याची बरी पारख आहे तुला."

मैमुना हसली नाही. लेकीची, मेहनाजची दहावी तेवढी इथे पुरी व्हावी, एवढंच तिला हवं होतं. तरी ती म्हणाली, "धोंडीरामभाऊंनी असं नव्हतं केलं."

नव्हतंच केलं. धोंडीराम महाडचा. त्याच्या जागी अर्ध्या पगारात बसवायला कंपनीने यूनुसला आणला. तरी त्याने यूनुसला हाताला धरून कुठलं बीळ कुणाचं ते शिकवलं, आणि जाताना गळ्यात पडला.

"भला माणूस," यूनुस काटा काढत म्हणाला. "म्हणून तर तो गेला आणि मी राहिलो."

परीक्षेला दम्मामहून म्हातारे प्राणितज्ज्ञ आले. धोंडीरामच्या वेळी ते दरसाल तपासणीला यायचे. पुढे कंपनीने तो खर्च वाचवून विषावर घातला.

नबीलाने झेंड्या रोवल्या. वाळूउंदराला पांढरी, गटारउंदराला लाल. यूनुसच्या हिशेबाने एकूण एक चुकलेली. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

म्हाताऱ्यांनी प्रत्येक बिळात नळीचा कॅमेरा सोडला, पडद्यावर पाहिलं आणि पुढे गेले. शेवटी गुडघे झाडत उठले आणि त्यांनी यूनुसचा हात हातात घेतला.

"छान शिकवलंस हिला. एकही चूक नाही. इतकी वर्षं विष भलत्याच बिळांत पडत होतं. धोंडीराम गेल्यापासून बरोबर ओळखणारी ही पहिलीच."