गव्हाचं औषध

संत्र्याच्या रोपांची पानं आत वळली होती, शेंडे पिळवटले होते. भूमिकाने एक पान उलटं करून पाहिलं. हा रोग नव्हता.

"बाबा, इथं काय फवारलं?"

"तेच, गव्हातलं तणाचं औषध. पंपात उरलं होतं," रुपराव म्हणाले. "वाफ्यात लय तण माजलं होतं ना. तुले फोन करूनच तं मारलं वं! तूच म्हणली, पिकाले काही होत नाही."

म्हणाली होती खरी. नागपूरच्या कॉलेजात, अकरावीच्या वर्गाच्या दारात उभी राहून, हातात खडू, नुसती घाई. बाबा गव्हाचंच विचारताहेत असं धरून चालली. गहू एकदल, त्याला ते औषध बाधत नाही; मारतं ते रुंद पानाच्या द्विदलांना. आणि संत्रं द्विदल. अरे, एवढी साधी गोष्ट! बारा वर्षं पोरांकडून घोकून घेतली, आणि बापाला मात्र कोणतं पीक एवढंही विचारलं नाही.

दोनशे रोपं होती. जंबेरी लिंबाच्या एकेका रोपावर कलमासाठी संत्र्याचा डोळा बसवून पट्टीने बांधला होता तो तिच्या आईने, मनकर्णाने. तिच्या हातचा डोळा वाया जात नाही म्हणून नरखेडपर्यंत तिला बोलावणं यायचं. ही रोपं बांधली आणि पंधरा दिवसांत आई गेली. तिच्या तेरवीला डोळ्यांना कोंब आले होते.

"आता कोणतं औषध मारू? सुधरतीन ना?"

"नाही, बाबा." भूमिकाला रडू आवरेना. "माह्यामुळं मेली. कायच्यात मारता, मी पुसलंच नाही तुमाले."

रुपराव पहिल्या रोपापाशी उकिडवे बसले आणि खोडावरची प्लास्टिकची पट्टी चाचपू लागले. भूमिकाने पट्टी कापायला खोपडीतून ब्लेड आणलं.

"ब्लेड नोको लावू वं," ते म्हणाले. "तिच्या हातच्या गाठी आहेत. हातानंच सोडू."

तीही शेजारी बसली. गाठी बारीक होत्या, घट्ट. उन्हं डोक्यावर आली तरी दोघांच्या मिळून चारच सुटल्या होत्या.