कुंभारणीचं घर
बोरीवलीच्या चाळीत राहणाऱ्या प्रेमाला मूल होईना, म्हणून सासूनं लेकासाठी कणकवलीची दुसरी पोरगी बघून ठेवली होती. तेवढ्यात देव्हाऱ्यावर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. कुंभारीण आली की पाळणा हलतो, असं मानून सासू थांबली. आज ते घर फोडून हिरवी, चकाकती माशी बाहेर पडली. कॉलेजात कीटक शिकणारा दीर नंदकुमार हरखून ओरडला, "वहिनी, ही कुंभारीण नव्हे! कुंभारीण शिकारी माशी, पिल्लासाठी अळ्या साठवते. ही परजीवी जात. तिच्या घरात चोरून अंडं घालते. हिचं पिल्लू कुंभारणीचं पिल्लू खाऊन वाढतं." प्रेमाला एकदम रडू फुटलं. सासू मात्र खुलली. "रडतस कित्याक गो? घर तुझाच ऱ्हवतला. पोर दुसरीचा असला म्हणान काय झाला?" प्रेमानं नवऱ्याकडं पाहिलं. तो भावाला कणकवलीला धाडायच्या तारेचा मजकूर सांगत होता.