डोकं कोणाच्या हातचं

वस्तरा गिऱ्हाइकाच्या उजव्या गालावरून खाली येत होता, तेवढ्यात समोरचा आरसा भिंत सोडून न्हाव्याच्या अंगावर आला. गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन, गळ्यातल्या फडक्यासकट जे सुटलं, ते परत दिसलं नाही. न्हावी अंगावरच्या काचा झटकत बाहेर आला. सगळी गल्ली माना वर करून उभी. आकाशात विमान एकही नाही. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, पण तोही सगळं उरकल्यावर, कोणीतरी लाथ मारून उठवल्यासारखा.

"बॉम्ब पडला," शिंपी म्हणाला.

"छे, भूकंप," किराणावाला म्हणाला.

मग वरून कापसाची जळती गाठ आली आणि शिंप्याच्या छपरावर बसली.

"बॉम्ब कापसाचे असतात का हो?" किराणावाल्यानं विचारलं. शिंपी पाणी आणायला पळाला. अर्धे लोक घरातून बाहेर पळत होते, अर्धे बाहेरून घरात, आणि दोघांनाही आपणच शहाणे आहोत असं वाटत होतं. शेवटी बंदराकडून एक हमाल धावत आला. काळाठिक्कर, फक्त डोळे पांढरे. "दारूगोळा आणि कापूस भरलेलं जहाज उडालं," तो म्हणाला. "आपलंच. कोणी उडवलं नाही, आपोआप उडालं."

न्हाव्याचा मुलगा बंदरात क्रेन चालवायचा.

बापलेकाचं बोलणं बंद होतं. पोरानं वस्तरा हातात धरायला नकार दिला, तेव्हा बापानं चारचौघांत सुनावलं होतं, "मग माझ्या खुर्चीतही बसायचं नाही." पोरगा बंदराजवळ खोली घेऊन राहायला गेला. रस्त्यात दिसला तर डोक्यावर टोपी आणि नजर दुसरीकडे. तेव्हापासून न्हाव्याची खात्री होती, पोरगा केस कापायला चौकातल्या फॅशनवाल्याकडे जातो. फॅशनवाला दुकानात पंखा लावायचा, पण मशीन नीट फिरवायचा त्याला कंटाळा. त्याच्या हातून उठलेल्या प्रत्येक डोक्यावर कानामागे पायरी राहायची. असं डोकं समोरून गेलं की न्हावी दारातून विचारायचा, "काय हो, माळ्यावर जायला जिना काढलाय का?"

आज त्याला कोणाची थट्टा सुचत नव्हती. बायको बंदराच्या फाटकाकडे धावली, तो इस्पितळाकडे.

इस्पितळाच्या व्हरांड्यात माणसं ओळीनं निजवलेली. पाण्यावरच्या तेलातून काढलेली, अंगं काळी, सुजलेली. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत पट्ट्या. स्फोटानं कान गेलेले, त्यामुळे नाव विचारून उपयोग नाही. नातेवाईक एकाच खाटेभोवती गोळा होऊन आपापला माणूस म्हणून रडत होते. नर्स वैतागली होती.

"बाई, माना जरा वळवता का?" न्हावी म्हणाला. "मला तोंडं कळत नाहीत, पण मागून कोणीही दाखवा, ओळखतो."

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. हा पावाच्या भट्टीवाला. हा मास्तरांचा जावई, उजवीकडचे केस टकलावर आणतो, बायकोला सांगू नका. हा रंगारी. गर्दी त्याच्यामागून फिरायला लागली. न्हावी नावं सांगत होता, पण नजर पायरी शोधत होती.

एका खाटेवरचं डोकं बघून तो थांबला. इकडे टोकरलेलं, तिकडे झुपका. "हे कोणी बोथट कात्रीनं कुरतडलंय," तो म्हणाला. "याला आधी न्हावी द्या, मग डॉक्टर." सवयीनं निघून गेलं तोंडातून. तो पुढे सरकला.

व्हरांड्याच्या टोकाला पायरी सापडली. कानामागे, ठळक. बांधाही तसाच. न्हाव्यानं खाटेच्या कडेला बसून त्याचा हात धरला.

"ऐकू येत नाही ते बरंय," तो म्हणाला. "तोंडावर बोलता आलं नसतं मला. माझं चुकलं रे. क्रेन चालव, विमान चालव, काय हवं ते चालव. पण माझ्या खुर्चीत बस. त्या गाढवानं काय करून ठेवलंय तुझ्या डोक्याचं."

पट्टीतून आवाज आला, "काका, मी पोस्टमन. मला थोडं थोडं ऐकू येतंय. आणि तुम्ही माझ्या दुसऱ्या हातावर बसलाय."

न्हावी उठला. पुन्हा पहिल्या खाटेपासून निघाला. आणखी पायऱ्या सापडल्या, एक बुटका, एक म्हातारा. व्हरांडा संपला. आता उरली ती इस्पितळाच्या मागची खोली, जिथे कोणालाच जायचं नव्हतं. न्हावी तिच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. कडी दिसत होती, हात वर जाईना.

तेवढ्यात बायको आली. केस सुटलेले, पायात एकच चप्पल. ती त्याच्याजवळ आली नाही. तिनं व्हरांड्यावरून नजर फिरवली आणि तडक त्या कुरतडलेल्या डोक्याशी गेली.

"अगं, तो नाही," न्हावी लांबून म्हणाला. "फॅशनवाला वाईट आहे, पण इतका नाही."

तिनं त्या डोक्यावर तळवा ठेवला. पट्टीतल्या माणसाला काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. त्यानं मान पुढे वाकवली, केस कापून घेताना वाकवतात तशी, आणि हात वर करून तिचं मनगट धरलं.

न्हावी खाटेपर्यंत कसा पोचला त्यालाच कळलं नाही. पोराचा दुसरा हात त्यानं घट्ट धरला, आणि डोक्यावरच्या त्या झुपक्यावरून बोट फिरवलं.

"हे कापले कोणी?"

"मी. तुम्ही टाकून दिलेल्या कात्रीनं," बायको म्हणाली. "बाबांच्या हयातीत दुसऱ्या कोणाच्या खुर्चीत बसणार नाही म्हणतो."